सतराव्या होलवरचा चेंडू

१

हिरामण भोयेचा चेंडू हरवला तेव्हा दुपारचे पावणेतीन वाजले होते, आणि तो शोधायला फक्त पाच मिनिटं होती.

गोल्फचा कायदाच तसा आहे. पाच मिनिटांत चेंडू सापडला नाही तर तो मेला असं धरायचं, मुकाट्याने मागे जायचं, पहिला फटका जिथून मारला तिथूनच दुसरा चेंडू मारायचा आणि वर एका फटक्याचा दंड सोसायचा. पंच हातातल्या घड्याळावर डोळे लावून उभे होते. हिरामण, त्याची बॅग वाहणारा चंदर आणि आणखी दोघं-तिघं कमरेत वाकून गवत चाळत होते. सण-समारंभात कुणाचं मंगळसूत्र पडलं की बायका शोधतात, तसं.

दोरीच्या अलीकडे, प्रेक्षकांत, सहादू गांगुर्डे उभे होते. एसटीत एकतीस वर्षं तिकीट तपासनीस म्हणून काढलेला हा माणूस. पेठ लाइनला त्यांची गाडी आडवी आली की कंडक्टर घाईघाईने तिकिटं मोजायला लागायचे. आता निवृत्त होऊन इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये बसून होते आणि घरच्यांच्या भाजीच्या पिशव्या तपासत होते. सून योगिनी या स्पर्धेच्या ऑफिसात कामाला, तिनेच पास आणून दिला होता. "आबा, जरा मोकळ्या हवेत फिरून या," ती म्हणाली होती. खरं म्हणजे घरातल्यांनाच मोकळी हवा हवी होती.

२००४ सालचा फेब्रुवारी. गंगापूर धरणाच्या वरच्या अंगाला नवं गोल्फचं मैदान झालं होतं, आणि तिथल्या व्यावसायिक स्पर्धेचा आज चौथा, शेवटचा दिवस. हिरामण तिकडचाच, पेठच्या डोंगरातला. दुसऱ्यांच्या बॅगा वाहता वाहता खेळ शिकला आणि पस्तिशीला खेळाडू झाला. मोसमातली ही शेवटची स्पर्धा. 'एक खाली' किंवा त्याहून बरा संपला, तर पुढच्या वर्षीचं खेळाडूचं कार्ड हातात. नाहीतर पुन्हा सगळ्यात मागच्या रांगेत उभं राहून पात्रतेपासून सुरुवात, आणि हिरामणची पाठ आता ती रांग सोसणारी नव्हती.

हे खाली-वर सहादूंना योगिनीने सकाळीच समजावलं होतं. "पार म्हणजे ठरलेले फटके, आबा. तेवढ्याच फटक्यांत आला तर तो पारावर. कमी मारले तर खाली. इथे खाली असणं चांगलं."

"आमच्या खात्यात खाली गेलेला माणूस पुन्हा कधी वर आलेला मी पाहिला नाही," सहादू म्हणाले होते. पण शब्द मात्र त्यांनी पक्का केला होता आणि सकाळपासून तीन अनोळखी माणसांना शिकवलाही होता.

सोळा होल झाले तेव्हा फळ्यावर हिरामणच्या नावापुढे लाल अक्षरात 'दोन खाली' लागलं. सतराव्या होलला मध्येच टेकाड. मारणाऱ्याला चेंडू पडतो ती जागा दिसत नाही. हिरामणने मारला, चेंडू टेकाडापलीकडे उजवीकडे गेला. मंडळी चालत पलीकडे पोचेपर्यंत सहा-सात मिनिटं गेली. चेंडू नव्हता.

"साहेब." कुणीतरी सहादूंच्या बाहीला धरलं. हिरामणची आई, तानुबाई. नऊवारी लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला. पेठ गाडीला मोळी घेऊन चढायची तेव्हापासून ती चेकरसाहेबांना ओळखत होती. पोराचा खेळ बघायला आज पहिल्यांदाच आली होती. "साहेब, पारावर हाय."

"हो, हो. पारावर आहे," सहादू कुजबुजले. "काळजी करू नका, तानुबाई."

"पारावर हाय म्हनलं, त्याला सांगा—"

समोरून 'शांतता' लिहिलेली पाटी वर झाली. पाटी धरणारा पोरगेला स्वयंसेवक अमोल डोळे वटारून बघत होता. म्हातारी ओशाळली, पदर तोंडाला लावून मागे सरली आणि मागच्या उंबराखालच्या दगडी कट्ट्यावर जाऊन बसली. सहादूंनी ओठांवर बोट ठेवून तिला लांबूनच धीर दिला.

पंचांनी घड्याळावरची नजर काढली आणि मान हलवली. पाच मिनिटं संपली होती.

२

टी-वरून, म्हणजे पहिला फटका मारला तिथूनच, परत मारायचं म्हणून हिरामण टेकाड चढायला लागला. चार पावलं गेल्यावर मात्र तो चंदरकडे वळला. "तुझं ध्यान कुठं व्हतं रं? कुठं पडला ते तरी बघायचं!" नऊ वर्षं बरोबर असलेला चंदर बॅगेचा पट्टा दोन्ही हातांनी धरून खाली बघत राहिला. टेकाडापलीकडचं त्याला तरी कसं दिसणार होतं? पण असं विचारायची ती वेळ नव्हती.

सहादूंना या खेळातलं काही कळत नव्हतं, पण वस्तू आपण होऊन गायब होत नाही एवढं एकतीस वर्षांत कळलं होतं. प्रवासी म्हणतो तिकीट उडालं. तिकीट कधी उडत नाही. ते चपलेत असतं, केसांत असतं, नाहीतर काढलेलंच नसतं.

"योगिनी, आता चेंडू सापडला तर?" शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या सुनेला त्यांनी विचारलं.

"मला नक्की माहीत नाही, आबा. पण फटक्यांच्या कार्डावर सही होईपर्यंत पंचांना काहीही सांगता येतं म्हणतात. हा होल आणि अठरावा होल खेळून तो सही करायला तंबूत जाईल. अर्धा तास."

"एसटीत तिकीट मागाहून सापडलं तर दंड परत करतो आम्ही."

"इथेही असेल तसंच काहीतरी," ती म्हणाली. तिच्या आवाजात फारसा भरवसा नव्हता.

सहादूंनी खिशातून जुनी सवयीची डायरी काढली. "चेंडू पडल्यापासून तुम्ही लोक पोचेपर्यंत इथे कोण कोण होतं?"

"पाटीवाला अमोल. गवत कापायच्या यंत्रावर पुंजा माळी. बाकी सगळी गर्दी हिरामणबरोबर टी-वर होती. आणि आबा..." योगिनी घुटमळली. "अमोलचा मामेभाऊ या स्पर्धेत आहे. तो 'एक खाली' संपलाय. दोघांत मिळून पुढच्या वर्षीचं एकच कार्ड उरलंय. हिरामण मागे पडला, तरच ते त्याला मिळतं."

३

पुंजा माळी यंत्र बंद करून सावलीला बिडी ओढत होता. चेकरसाहेबांना बघताच त्याने बिडी लपवली. काही माणसांचा धाक कपड्यांत नसतो.

"पुंजा, त्या यंत्राखालच्या गोणीत काय आहे?"

"गवात हाय साहेब."

"गवत खडखडत नाही."

पुंजाने गोणी ओतली. पन्नासेक चेंडू जमिनीवर घरंगळले. तळ्यातले, झुडपातले, हरवलेले. सहादू गुडघ्यावर बसले आणि एकेक चेंडू फिरवून पाहिला. हिरामण आपल्या चेंडूवर निळ्या शाईचे दोन ठिपके काढत असे, हे योगिनीने सांगितलं होतं. ठिपक्यांचा एकही नव्हता.

"आज चालू खेळातला मी घेत नाय साहेब, देवाशपथ. नोकरी जाईल." पुंजा रडकुंडीला आला. "मी बघितला त्यो पडताना. त्या लाल खुंटीपाशी टप्पा पडला नि गवतात थांबला. पांढरा दिसत व्हता. मग मी यंत्र वळवायला त्या टोकाला गेलो. परत आलो तं नव्हता."

"मध्ये कोण आलं?"

"कोनी गडी फिरकला नाय तिकडं."

"अमोल?"

"त्यो झाडामागं व्हता. कानाला हात लावून."

कानाला हात. सहादूंनी ते दोन शब्द डायरीत लिहिले आणि खाली रेघ मारली. मैदानावर मोबाइल आणायला सक्त बंदी होती, गेटवरच सगळ्यांचे फोन काढून घेतले होते.

टेकाडापलीकडून फटक्याचा आवाज आला. हिरामणने दुसरा चेंडू मारला होता. दंड धरून त्याचा हा तिसरा फटका.

अमोल प्रथम उर्मटपणे बोलला. मग चेकरसाहेबांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं. विनातिकीट माणूस खिसे चाचपायला लागतो तेव्हा ते काही न बोलता असंच बघत. अमोलचा हात आपोआप मोज्याकडे गेला. मोज्यात छोटा नोकिया होता.

"मैत्रिणीशी बोलत होतो काका," तो पडेल आवाजात म्हणाला. "पाच-सहा मिनिटं. चेंडू कुठे पडतो ते बघायचं काम माझंच होतं. मी बघितलंच नाही. पण उचलला नाही हो! भावासाठी असलं करीन का मी? प्लीज, ऑफिसात सांगू नका."

"तुझ्या समोरून कोण गेलं?"

"कोणीच नाही. ती आजी तेवढी. हिरामणची आई. गर्दी यायच्या आधीच इथे येऊन थांबली होती. फोन ठेवला तर समोर उभी. मला म्हणते, पारावर हाय. मी म्हटलं, हो आजी. मजा वाटली मला. अंगठा उठवणारी बाई, पण गोल्फ बरोबर कळतं."

सहादूंनाही क्षणभर कौतुक वाटलं. आपण सकाळी शिकलो ते हिला आपसूक कसं आलं?

योगिनी मात्र कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"पारावर कसा, आबा? तेव्हा तर तो दोन खाली होता."

४

सहादू जागच्या जागी थांबले.

दोन खाली. लाल अक्षरात, हाताएवढ्या आकड्यात, फळ्यावर. वाचता येणाऱ्याने चुकीचं वाचलं नसतं, आणि तानुबाईला तर वाचताच येत नव्हतं. मग पारावर आहे हे तिला कुणी सांगितलं? कुणीच नाही. कारण हिरामण पारावर नव्हताच.

कोनी गडी फिरकला नाय, पुंजा म्हणाला होता. गडी नाही.

म्हातारी पोराच्या फटक्यांबद्दल बोलतच नव्हती. ती चेंडूबद्दल बोलत होती. आणि पार हा शब्द तिने आज सकाळी योगिनीकडून शिकलेला नव्हता, जन्मापासून तिच्या तोंडात होता. झाडाभोवती बांधतात तो पार. इंदिरानगरात त्याला कट्टा म्हणतात. सहादू स्वतः गिरणाऱ्याच्या, हरसूलच्या पारांवर बसून शेकडो वेळा गाडीची वाट बघत राहिले होते. एका दिवसाच्या नव्या शहाणपणाने त्यांच्या कानातून तो जुना शब्द पार पुसून टाकला होता.

ते उंबराकडे निघाले. धावता येत नव्हतं, गुडघे तसे उरले नव्हते.

तानुबाई कट्ट्यावर मांडी घालून बसली होती. तिच्या पाठीशी शेंदूर फासलेला वाघदेवाचा दगड. मैदान करताना सगळं सपाट केलं, पण या झाडाला आणि दगडाला हात लावायला एकही मजूर तयार झाला नव्हता. दगडाच्या पायाशी, सुकलेल्या झेंडूच्या फुलांत, पांढरा चेंडू होता. त्यावर निळे दोन ठिपके.

"आला का हिरामन?" तानुबाई उठायला लागली. "कवाधरनं राखन करून बसलेय."

"तानुबाई, हा तुम्ही उचलला?"

"गवतात पडला व्हता साहेब. इकून तिकून मानसं येनार, त्यो गवत कापायचा गाडा फिरतोय. कुनाचा पाय पडंल, तुकडं व्हतील, म्हनून आनून पारावर ठेवला. आमच्याकडं वाटंत काय घावलं का पारावरच ठेवत्यात. ज्याचं असंल त्यो येऊन नेतो. पारावरच्या वस्तूला कोन हात लावत नाय." ती थांबली. सहादूंच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज बारीक झाला. "तुमाला सांगितलं की. त्या पाटीवाल्यालाबी सांगितलं. तुमी दोघं हो म्हनले."

"हिरामणला का नाही सांगितलं? तो समोरच तर शोधत होता!"

"हाक मारायची नाय म्हनले ना. त्यो खेळत असताना बोलायचं नाय, त्याचा खेळ बिघडतो. सकाळी तुमच्या सूनबाईंनीच सांगितलं."

योगिनीने मान दुसरीकडे वळवली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं.

"चुकलं का काय साहेब?"

"नाही," सहादू म्हणाले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खोटा जबाब लिहिला नव्हता. "तुम्ही बसा इथेच. मी हा घेऊन जातो."

लांबून, अठराव्या होलकडून, गर्दीचा आवाज आला. टाळ्यांचा नव्हता. शेकडो माणसांनी एकदम श्वास सोडावा तसा. हिरामणचा शेवटचा फटका भोकाच्या काठावरून, बोटभर अंतराने गेला होता. तो आत गेला असता, तर 'एक खाली' झालं असतं. सतराव्याने दोन फटके खाल्ले होते, एक वाया गेलेला आणि एक दंडाचा. फळ्यावरचं लाल अक्षर पुसलं गेलं, आणि हिरामण भोये आता खरोखरच पारावर होता.

५

तंबूत हिरामण टेबलाशी बसला होता. पुढ्यात फटक्यांचं कार्ड, हातात पेन. बाहेर चंदर बॅगेशेजारी उकिडवा बसला होता आणि त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं.

"सही करू नकोस!" सहादू दारातूनच ओरडले. दिवसभरात त्या मैदानावर एवढा मोठा आवाज कुणी काढला नव्हता.

त्यांनी पंचांपुढे चेंडू ठेवला आणि धापा टाकत सगळं सांगितलं. कुठे पडला, कुणी पाहिला, कुठे सापडला. नाव तेवढं टाळलं. "बाहेरच्या माणसाने उचलला साहेब. खेळाडूची चूक नाही. मी लेखी देतो, माळी साक्षीला आहे. दंड परत करा."

पंच पांढऱ्या मिशांचे, भले गृहस्थ होते. त्यांनी चेंडू हातात घेतला, ठिपके पाहिले. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमचा शोध अगदी बरोबर आहे," ते म्हणाले. "बाहेरच्या कुणी उचलला असेल तर दंड नाहीच. त्याच जागी चेंडू ठेवून पुढे खेळायचं, इतकं साधं आहे. पण हे त्या पाच मिनिटांत कळायला हवं होतं. दुसरा चेंडू मारला की पहिला संपला. मग तो कुणीही आणून दिला तरी संपलाच."

"पण खरं काय ते आता कळलं ना!"

"कळलं. त्याचा मला आता काही उपयोग करता येत नाही."

आपण सगळं उलगडलं, एकही धागा सोडला नाही, आणि त्याची किंमत शून्य. पेठच्या घाटात गाडी बंद पडली की प्रवासी नुसते दरीकडे बघत उभे राहत, तसे सहादू त्या कार्डाकडे बघत उभे राहिले. संताप कुणावर करावा हेही कळेना. पंचांचा दोष नव्हता. म्हातारीचा नव्हता. तिने दोनदा सांगितलं होतं, आणि ऐकायला तपासनीस उभा होता.

"कुठं सापडला, साहेब?" हिरामणने विचारलं.

"तिथेच. जवळच."

"कुठं?"

"उंबराखाली. कट्ट्यावर."

हिरामणने चेंडू घेतला. ठिपक्यांवर शेंदूर लागला होता, तो अंगठ्याने पुसला. कुणी उचलला हे त्याने विचारलं नाही. वाटेत सापडलेली वस्तू पारावर नेऊन ठेवणारं माणूस त्या अख्ख्या मैदानावर एकच होतं, आणि त्याला तो सकाळच्या पहिल्या गाडीने स्वतः घेऊन आला होता. सहादूंनी नाव टाळलं, त्यालाही काही अर्थ उरला नाही.

त्याने कार्डावर सही केली. बाहेर येऊन चंदरला दंडाला धरून उठवलं. "चुकलो रं मी. तुझी काय चूक नव्हती," एवढंच म्हणाला. चंदरने बॅग खांद्याला लावली आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

हिरामण उंबराकडे चालत गेला. सहादू मागोमाग गेले. कशाला जातोय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

आईने लांबूनच पोराला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. "घावला का तुला? साहेबांकडं दिला मी."

"घावला."

"कोनाला हात लावू दिला नाय मी. जागची उठले नाय."

"बरं केलंस, आई."

तो तिच्याशेजारी कट्ट्यावर बसला. पाय खाली सोडून, चेंडू दोन्ही हातांत धरून. तिकडे माणसं गाड्यांकडे निघाली होती. पुंजा आणि दोघं जण खुंट्या उपटून दोरी गुंडाळत होते. फळ्यावरचे आकडे कुणीतरी एकेक करून काढत होतं.

तानुबाईने पोराच्या पाठीवरून हात फिरवला, मग त्याला हलकेच पुढे ढकललं.

"मंग जा की. बसलास काय? चेंडू घावला ना, जा, मार जाऊन. लोक खोळंबली असतील."

"जातो," हिरामण म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.